वरचा आवाज

माझी पहिली कॅसेट निघाली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि जळगावात पाइपच्या एका कारखान्यात डिस्पॅचचा कारकून होतो. पहिली म्हणतो खरा, पण शेवटचीही तीच. दहा गाणी, एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला पाच. शब्द माझे, चाली माझ्या, गिटार माझी. कुठल्या कंपनीने ती काढली नव्हती आणि काढ म्हणून कुणी माझ्या मागेही लागलं नव्हतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, त्या हिशेबात ती निघाली. अजूनही कधीमधी कुणीतरी त्या कॅसेटविषयी विचारतं. मग मी चालींविषयी बोलतो, गिटारच्या तारा मुंबईहून कशा मागवाव्या लागायच्या ते रंगवून सांगतो. खरं सांगायचं ते त्या कॅसेटमधल्या एका आवाजाविषयी, आणि ते मी इतकी वर्षं टाळत आलो.

गाण्यांचं खूळ भुसावळचं. वडील रेल्वेत गार्ड होते, आणि आमच्या क्वार्टरला लागून एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचं बिऱ्हाड होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना ते सगळं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं. जाताना आंटीने सामान वाटलं. आईला त्यांची पत्र्याची मोठी पेटी हवी होती, गव्हासाठी. पेटी आली ती आतल्या तबकड्यांसकट, आणि तबकड्या आल्या म्हणून त्या वाजवायचं यंत्रही आलं. आई तबकड्या भंगारवाल्याला देणार होती. आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी धाकट्या बहिणीने, त्या पलंगाखाली ढकलल्या आणि पुढची सहा-सात वर्षं वाजवून वाजवून झिजवल्या.

साठच्या दशकातली विलायती पोरांची गाणी होती ती. बशीएवढी तबकडी, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक गाणं. गाणं इतकं छोटं की गॅसवर दूध ठेवलं तर ते वर यायच्या आत संपायचं. सुरुवातीलाच गिटार खणखणायची, ड्रम पळत सुटायचा, मध्येच टाळ्या पडायच्या आणि दोन पोरं एकदम गायला लागायची, एक खाली आणि एक जरासा वर. शब्द आम्हाला ओ की ठो कळत नव्हते. पुढे कॉलेजात इंग्रजी थोडं सुधारलं तेव्हा लक्षात आलं की दहातल्या आठ गाण्यांत पोरगी सोडून गेलेली असते. चाल मात्र अशी, की ऐकणाऱ्याने सायकल काढून हुंदडायला निघावं. दुःख सांगायचं पण रडायचं नाही, ही रीत मला फार आवडली. आमच्याकडे दुःखाचं गाणं म्हटलं की गाणाराच आधी गळा काढतो.

त्या दोन आवाजांतला खालचा मी म्हणायचो आणि वरचा बहीण. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी मूळ चाल धरली की ती आपोआप दोन पावलं वर जाऊन उभी राहायची आणि माझ्याबरोबर चालत राहायची. मला ते कधीच जमलं नाही. ती गप्प झाली की माझं गाणं एकदम पोरकं वाटायचं. हे मला तेव्हाही कळत होतं, पण तसं तिला सांगण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती.

वडील निवृत्त झाल्यावर आम्ही जळगावात मेहरूणला घर बांधलं. मला नोकरी लागली, आणि एका मोडीत निघालेल्या ऑर्केस्ट्रातली विजेची गिटार मी विकत घेतली. मग गाणी सुचायला लागली. एक टायपिंगच्या क्लासचं होतं: ‘उद्या येशील का क्लासला, की माझ्याच बोटांना घाई’. एक तलावाच्या कडेने डबल सीट जाण्याचं, एक केळीच्या ट्रकमागे अडकलेल्या रिक्षाचं. त्या काळी जळगावात गाणं म्हणजे भजन, भावगीत, नाहीतर लग्नाचा बँड. माझ्या गाण्यांना गोत्रच नव्हतं. कारखान्यातल्या साहेबांनी एकदा ऐकून घेतलं आणि विचारलं की हे संपल्यावर मूळ गाणं कधी सुरू होतं. वडील म्हणायचे, नोकरी सांभाळून काय करायचं ते कर. पण मी आणि बहीण ओसरीवर गायला बसलो की पेपर वाचता वाचता त्यांचा पाय ठेका धरायचा, आणि आपल्याकडे कुणी बघतंय असं वाटलं की थांबायचा.

जळगावात रेकॉर्डिंगची सोय मला परवडेल अशी नव्हती. धुळ्याला होती. आग्रा रोडवर एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर एक गृहस्थ अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी काढायचे. त्यांना सगळे नाना म्हणायचे. लग्नाची गाणी, हळदीची गाणी, देवीची गाणी, असा त्यांचा माल खानदेशातल्या सगळ्या आठवडी बाजारांत खपायचा. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, छताला एकच चांगला माइक टांगलेला, कोपऱ्यात मोठ्या चक्रांची दोन टेपयंत्रं. गाणं सुरू व्हायच्या आधी नाना पंखा बंद करायचे, त्यामुळे प्रत्येक गाण्याला आमच्या घामाची आंघोळ ठरलेली.

माइक एकच असल्यामुळे कुणाचा आवाज किती यायचा हे माणूस कुठे उभा आहे त्यावर ठरायचं. नाना सगळ्यांना खांद्याला धरून पुढेमागे सरकवायचे. ड्रम वाजवायला मी जळगावच्या एका लग्नाच्या बँडमधला वादक नेला होता, लग्नसराई संपल्यामुळे तो मोकळाच होता. त्याचा हात इतका दणकट की नानांनी त्याला जिन्यात बसवला. मला माइकपासून दोन हातांवर उभं केलं आणि बहिणीला अगदी जवळ. मी म्हटलं, मुख्य गाणं मी म्हणतोय. नाना कानावरचा हेडफोन काढून तिच्याकडे बघत म्हणाले, “तुना आवाजवरच गानं उभं शे, बाई. हाऊ नुसता पयी ऱ्हायना.”

नुसता पळतोय म्हणे. मला राग आला, पण ते खरंच होतं. दोन रविवारांत दहाही गाणी झाली. दुसऱ्या रविवारी परतताना पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा बहिणीने खाली उतरून तिघांसाठी भजी आणली, आणि ड्रमवाल्याला ती जन्मभराची ओळख असल्यासारखी गाण्यातल्या चुका दाखवत बसली. तिला इतकं बोलताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं. बी.ए. होऊन दीड वर्ष ती घरात बसून होती. तिचं सगळं आयुष्य स्थळ येण्यावर टांगलेलं होतं, आणि त्या दोन रविवारी ते टांगलेलं नव्हतं.

कॅसेट छापायला जायची होती तेवढ्यात सोनगीरचं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक, घरची थोडी शेती, माणसं चांगली. वडिलांचे एक दूरचे मावसभाऊ मध्यस्थ होते. बघणं झालं, पसंती झाली, सुपारी फोडायची तेवढी राहिली. मध्यस्थ चहा पिऊन उठले आणि दारात चपला घालता घालता वडिलांना म्हणाले, “पोरगीनी कॅसेटमा गानं म्हनेल शे, ते तठे सांगू नका.”

एवढंच. सोनगीरकरांनी काही विचारलं नव्हतं, काही म्हटलं नव्हतं. पण वडिलांच्या डोक्यात ते रुतलं. पुढचे दोन दिवस ते धड जेवले नाहीत. मुलीचा आवाज बसस्टँडवर, पानटपरीवर वाजणार, ऐकणारे कोण कसले, आणि उद्या सासरच्या कुणी ओळखला तर? तिसऱ्या दिवशी मी कामावर निघालो तेव्हा ते फाटकापर्यंत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिचा आवाज काढता येईल का त्यातून?”

मी चिडलो. हे मी आवर्जून सांगतो, कारण पुढचं सांगायला जड जातं. सायकल मारत कारखान्यापर्यंत पोचलो तोवर राग निवला होता आणि डोक्यात हिशेब सुरू झाला होता. लग्न मोडलं तर खापर माझ्या कॅसेटवर फुटणार. लग्न होईपर्यंत थांबायचं तर मला धीर नव्हता. आणि तिसरी गोष्ट, खोटं कशाला बोलू, मला असंही वाटलं की दोन्ही आवाज मीच म्हटले तर कॅसेट संपूर्ण माझी होईल. ‘गानं उभं शे’ हे नानांचं वाक्य कुठेतरी आत ठसठसत होतंच. संध्याकाळी मी वडिलांना सांगितलं की बघतो.

बहिणीला कुणी विचारलं नाही. ती त्याच घरात होती, आमच्यापासून दहा हातांवर ताटात डाळ निवडत होती. वडिलांनी विचारलं नाही, कारण मुलीला काय विचारायचं. मी विचारलं नाही, कारण ती नको म्हणाली असती.

पुढच्या रविवारी मी ड्रमवाल्याला तेवढं घेऊन धुळ्याला गेलो. नानांनी आमच्या मागे जिन्यात पाहिलं आणि विचारलं, बहीण नाही आली का. मी म्हटलं, तिची परीक्षा आहे. दीड वर्षापूर्वी शिक्षण संपलेल्या मुलीची परीक्षा. एकाच माइकवर घेतलेलं असल्यामुळे तिचा तेवढा आवाज वेगळा काढणं म्हणजे चहातून साखर काढण्यापैकी होतं. सगळी गाणी पुन्हा म्हणावी लागली. आधी जिन्यातल्या ड्रमबरोबर मी गिटारवर खालचा आवाज म्हटला. मग ते एका यंत्रावर वाजवत ठेवून, गळा आवळून, टाचा उंचावून वरचा आवाज म्हटला आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रावर घेतलं. तो आवाज कसा जायचा हे मला पाठ होतं, तिच्याच तोंडून तो मी पंधरा वर्षं ऐकला होता. तिच्या श्वास घ्यायच्या जागासुद्धा मी तशाच घेतल्या.

सगळं आटोपल्यावर त्यांनी जुनी टेप हातात घेतली. ती टेप महाग असायची, म्हणून नाना एका कामाची टेप दुसऱ्या कामाला वापरायचे, ही त्यांची नेहमीची रीत. दुसऱ्या दिवशी कुणाच्यातरी हळदीची गाणी घ्यायची होती. “पुसू का?” त्यांनी विचारलं. मी पुसा म्हणालो. वडील असं म्हणाले नव्हते. वडिलांना तिचा आवाज कॅसेटमध्ये नको होता एवढंच. ती टेप विकत मागून घरी आणता आली असती, कपाटात ठेवता आली असती. मला त्या वेळी ते सुचलंच नाही, आणि सुचलं नाही हे माझं कारण मला अजून पटलेलं नाही.

घरी आल्यावर बहिणीला सांगितलं. ती अंगणात रांगोळीचे ठिपके काढत होती. तिने विचारलं, “सगळी?” मी म्हटलं, हो, सगळी. “बरं,” ती म्हणाली आणि पुढचा ठिपका टाकला. त्यानंतर घरात ती कधी गुणगुणली नाही. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची की लग्न ठरल्यापासून पोरगी कशी गंभीर झालीय.

महिन्याभराने एसटीच्या पार्सलने कॅसेटींचं खोकं आलं. दुपारची वेळ होती, घरी सगळे होते. मी टेपरेकॉर्डर लावला आणि पहिल्याच गाण्याला माझं तोंड उतरलं. सगळं जलद चाललेलं. गिटार चिवचिवत होती, ड्रम धापा टाकत होता. माझा खालचा आवाज मिसरूडही न फुटलेल्या पोरासारखा झाला होता, आणि वरचा आवाज—

आई पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. “काढला म्हणत होतात ना रे? ही तर आपलीच बाई गातेय!” तिचा चेहरा इतका फुलला होता की माझ्याने तिला खरं सांगवेना. वडिलांचा चेहरा मात्र पाहवत नव्हता. बहीण दाराला टेकून अख्खं गाणं ऐकत उभी राहिली. गाणं संपलं तसं तिला हसू फुटलं, कितीतरी दिवसांनी. म्हणाली, भाऊ, तू तर हुबेहूब मी झालास. मग तिचं हसू कुठेतरी अडलं आणि ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर निघून गेली.

मी धुळ्याला भांडायला गेलो. नानांना माझं भांडण काय आहे तेच आधी समजेना. समजलं तेव्हा त्यांनी मला चहा मागवला आणि समजुतीने सांगितलं, “खेडामा बठ्ठासना सेल उतरेल ऱ्हातस, भाऊ. म्हनीसन मी टेप जरा तेज करी देस. त्यासना घर बराबर वाजस.”

गोष्ट खरी होती. खेड्यापाड्यांत टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा, आणि सेल महाग. उतरले की लोक उन्हात वाळवून पुन्हा घालायचे, आणि ते शेवटचा श्वास घेईपर्यंत त्यांच्याकडून गाणं काढून घ्यायचे. सेल उतरले की टेप रेंगाळते. म्हणून नाना आपली प्रत्येक कॅसेट मुळातच थोडी पळती भरायचे. गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत ती बरोबर होऊन जायची. इतक्या वर्षांत एकाची तक्रार नाही. मी म्हटलं, शहरात लोक विजेवर लावतात. नाना म्हणाले, शहरातले लोक माझ्या कॅसेटी घेत नाहीत.

पुन्हा भरून घेण्याची माझी ऐपत नव्हती. वडील म्हणाले, मग लग्न होईपर्यंत एकही बाहेर जाऊ देऊ नकोस. मी कबूल केलं, पण तोवर जळगावच्या आणि धुळ्याच्या स्टँडवरच्या कॅसेटवाल्यांकडे मी थोड्या ठेवून आलो होतो. वडिलांना ते सांगितलं नाही. खपही असा बेताचा होता की घाबरण्याचं कारण नाही, असं मी मनाशी धरून चाललो. एका रिक्षावाल्याने मात्र घेतली होती. तो मला नेहरू चौकात गाठून म्हणाला, पॅसेंजर विचारतात, ही पोरगी कोण. मी म्हटलं, आहे एक. असं म्हणताना मला गंमत वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

लग्न थाटात झालं. कुणी काही विचारलं नाही. बहीण सोनगीरला गेली आणि आमचं घर एकदम मोठं झालं.

तीन महिन्यांनी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. खानदेशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते आणि तिला आणायला भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणून आईने मला दोन दिवस आधीच नवा शर्ट घालायला लावून पिटाळलं. सोनगीरच्या फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन रणरणत होतं. किल्ल्याच्या टेकडीकडे मान वर करून बघवत नव्हतं. घर हमरस्त्यापासून थोडं आत, समोर लिंबाचं झाड.

मेव्हणे पेपर तपासायला धुळ्याला गेले होते, सासरे शेतात. घरात बहीण आणि तिची सासू होती. सासूला सगळं गाव अक्का म्हणायचं. उंच, हाडापेराने मजबूत, आवाज असा की वावरातल्या माणसाला घरातून हाक जावी. मला त्यांची धास्ती होती. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला, आई-वडिलांची चौकशी केली. बहीण पिशवी भरत होती. मग अक्का उठल्या, फळीवरच्या टेपरेकॉर्डरपाशी गेल्या आणि बटण दाबलं. त्या दिवशी लाइट होती.

टायपिंगच्या क्लासचं गाणं सुरू झालं.

नंतर कळलं ते असं. मेव्हण्यांनी धुळ्याच्या स्टँडवर डबीवरचा माझा फोटो पाहून कॅसेट घेतली होती आणि मोठ्या अभिमानाने घरी आणली होती. पंधरा दिवस ती त्या घरात वाजत होती. बहीण त्याविषयी कुणाजवळ एक अक्षर बोलली नव्हती. मी तेव्हा फक्त बघत होतो की अक्का डोळे बारीक करून ऐकतायत, आणि माझा वरचा आवाज, पळत्या टेपवरचा, सगळ्या घरभर बहिणीच्या गळ्याने गातोय. गाणं संपलं. अक्कांनी टेप बंद केली आणि माझ्याकडे नाही, तिच्याकडे वळून विचारलं, “हाऊ वरना आवाज तुना शे का वं?”

माझ्याकडे उत्तर तयार होतं. आवाज माझा आहे, दोन्ही आवाज मीच म्हटलेत, हिचा या कॅसेटशी काडीचा संबंध नाही. एक शब्दही खोटा नव्हता, आणि त्यात तिचा संसारही सुरक्षित राहत होता. गेलं वर्षभर मी जे जे केलं ते या एका प्रश्नासाठीच तर केलं होतं. मी तोंड उघडलं.

“हा,” बहीण म्हणाली. पिशवीची चेन ओढून तिने मान वर केली. “मनाच शे.”

तीन महिन्यांत तिने तिथली बोली उचलली होती. माझाच आहे, हे इतक्या सरळ सांगितलं की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. कॅसेटची डबी उचलून अक्कांनी ती हातभर लांब धरली आणि छापलेलं वाचू लागल्या, ओठ हलवत. त्यावर माझा फोटो होता. माझं नाव होतं, गीत, संगीत, गायन असं तीनदा. ड्रमवाल्याचं नाव होतं, नानांचं होतं, भांड्यांच्या दुकानाचंसुद्धा होतं. त्यांनी डबी उलटी केली. मागची बाजू नुसती निळी, कोरी.

“मंग हिनं नाव काबरं नही टाकं?” त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्या चेहऱ्यात राग शोधत होतो. राग होता, पण मी ज्याची वर्षभर वाट पाहिली तो नव्हता. आपल्या सुनेवर अन्याय झाला म्हणून त्या माझ्यावर रागावल्या होत्या. वडील, ते मध्यस्थ आणि मी, आम्ही तिघांनी मिळून साप साप म्हणून भुई धोपटली होती, आणि त्या मारात सापडलं होतं ते एकच माणूस. मला खरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, “छापताना जागा नव्हती, अक्का.”

अक्कांनी डबी फळीवर ठेवली. म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी हिचं नाव टाक, मग तुझं. शेजारच्या दोघींना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे, की गाणारी आमचीच सून दिसते, फक्त खात्री करायची राहिली होती. मग सांजोऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि आम्हाला फाट्यापर्यंत पोचवायला स्वतः आल्या.

धुळ्यापर्यंत आम्हाला उभं राहून यावं लागलं. जळगावच्या गाडीत जागा मिळाली, ती खिडकीशी बसली. मी मध्यस्थांचं बोलणं सांगायला सुरुवात केली, वडिलांच्या जेवणाचं सांगितलं, माझी बाजू जरा बरी दिसेल अशा बेताने सांगत गेलो. ती बाहेर बघत होती. पारोळं मागे पडलं तेव्हा मी म्हटलं, मी खरं सांगणारच होतो अक्कांना.

“माहीत होतं,” ती म्हणाली. “म्हणून तर आधी बोलले.”

मला त्याचा अर्थ लागायला वेळ लागला. एकदा मी तिला टेपवरून पुसलं होतं, आणि त्या घरात, तिच्या देखत, दुसऱ्यांदा पुसायला निघालो होतो. तिने ते होऊ दिलं नाही. एरंडोलला गाडी थांबली, माणसं उतरली, चढली, पुन्हा सुटली. तिने डब्यातली एक सांजोरी काढून अर्धी मला दिली.

“आणि जागा होती, भाऊ,” ती म्हणाली.

“होती,” मी म्हणालो.